रंगाच्या बादलीतलं लोणचं

भोरच्या बाजारपेठेत आमचं भांड्यांचं दुकान आहे. पाटीवर अजून भांडीच लिहिलेलं आहे, पण आत निम्म्याहून जास्त प्लास्टिक. स्टील मागच्या भिंतीला, पितळ काचेच्या कपाटात नुसतं दाखवायला, आणि दारापासून गल्ल्यापर्यंत डबे, बरण्या, टब, गाळण्या. सासऱ्यांनी दुकान टाकलं तेव्हा प्लास्टिक विकणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. आता सासरे नाहीत, आणि घर प्लास्टिकवर चालतं.

मला एक खोड आहे. गिऱ्हाइकानं डबा हातात घेतला की मी तो त्याच्या हातातून काढून घेते आणि उपडा करते. बाई झाकण बघत असते, रंग बघत असते, त्यावरची फुलं बघत असते, आणि मी तिला बूड दाखवते. उत्रोलीची एक म्हातारी एकदा भडकलीच. म्हणाली, "बुडावर काय लग्नाची पत्रिका छापलीया व्हय?" मी म्हटलं, "व्हय मावशी, पत्रिकाच हाय. ती न बघता घरात आणू नका."

बुडावर बाणांचा एक छोटा त्रिकोण असतो आणि त्यात आकडा. पाच असला तर खाण्याच्या वस्तूला चांगला, दोनही चालतो. एक म्हणजे पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक, ते एकदा वापरून सोडून द्यायचं. आपल्याकडे मात्र त्या बाटलीत वर्षानुवर्षं तेल भरतात. तीन आणि सहा अन्नाच्या जवळ आणू नयेत. त्याशेजारी पेला आणि काट्याचं चित्र असलं तर डबा खाण्यासाठीच केलेला आहे. काळा-निळा स्वस्त माल असतो तो बहुतेक जुनं वितळवून केलेला. झाकण उघडून नाक लावलं की कळतं. चांगल्या डब्यातही कढत आमटी ओतायची नाही, आणि आतून ओरखडे पडले की तो खिळे-स्क्रू ठेवायला द्यायचा. हे सगळं मी दिवसातून दहा वेळा सांगते. नवरा म्हणतो, तू विकायला बसलीयेस का शिकवायला? पानशेतच्या एका हॉटेलवाल्याला गरम पिठल्यासाठी पातळ डबे हवे होते, ते मी दिले नाहीत. "पुण्याची माणसं काय बूड बघत्यात व्हय?" असं म्हणून त्यानं समोरच्या दुकानातून घेतले. त्या दिवशी नवऱ्यानं मला कोपरापासून हात जोडले.

एवढं सगळं सांगायचं कारण, यातलं काहीही मी माझ्या आईला नीट सांगितलं नाही.

आई मार्गासनीच्या पुढे, वेल्ह्याच्या अंगाला, भावाच्या घरी असते. भाऊ पुण्यात कामाला, शनिवारी येतो. एरवी घरात आई आणि वहिनी. मे महिन्यात आई आंब्याचं लोणचं घालते आणि माझ्या वाट्याचा डबा भरून ठेवते. तो मी जाऊन आणते. डबा माझ्याच दुकानातला, दोन किलोचा, झाकणावर नेलपॉलिशचा लाल ठिपका. स्टीलच्या भांड्यावर नाव घालता येतं, प्लास्टिकवर येत नाही, म्हणून आमच्याकडे ज्याचा त्याचा ठिपका ठरलेला असतो. आणि डबा रिकामा परत करायचा नाही ही रीत. लोणचं संपलं की मी तो डबा धुऊन, त्यात शेंगदाण्याचे लाडू घालून परत पाठवते. लग्नानंतर पंचवीसेक वर्षं आमच्या दोघींचं बोलणं कमी आणि डब्याची ये-जा जास्त, असंच चाललं होतं.

एका वर्षी आंबा फार आला. आई म्हणाली, "बरणी पुरंना गं. दुसऱ्या कशात घालू?" बरणी म्हणजे आजीच्या वेळची चिनी मातीची. मी निघायच्या घाईत होते, नसरापूरला जाणारी जीप खाली हॉर्न देत होती. मी तिला चपला घालता घालताच शिकवलं. डबा उपडा करून त्रिकोण दाखवला. तिला अक्षर येत नाही, पण मोबाईलमुळे आकडे येतात. म्हटलं, "हा पाच बघायचा. पाच असला की डोळं झाकून घ्यायचा." तिनं बोटानं तो पाच चाचपून बघितला आणि म्हणाली, "एवढंच व्हय?" मी म्हटलं, "एवढंच."

अर्ध्या हळकुंडानं पिवळे होतात म्हणतात. इथं अर्धं हळकुंड मीच तिच्या हातात दिलं होतं.

पुढच्या मे महिन्यात गेले तेव्हा आई शेतात राब भाजायला गेली होती. भाताचं रोप टाकायच्या आधी ती जमीन भाजून घेतात, त्याला राब म्हणतात. ते काम आई कुणावर सोडत नाही. वहिनी म्हणाली, "वन्सं, बसा, च्या ठिवते. तुमचा डबा भरून ठिवलाय आईंनी." मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले आणि मला माठाशेजारी रंगाची बादली दिसली. पुतणीच्या लग्नात घराला रंग दिला तेव्हाची, पांढरी, वीस लिटरची. रंगाची बादली टाकणारं घर मी अजून पाहिलेलं नाही. कुणी त्यात धुणं भिजवतं, कुणी तुळस लावतं. मी झाकण उचललं. आत गळ्यापर्यंत लोणचं होतं, वर लालभडक तेल. बादली थोडी कलती करून मी खालून हात फिरवला. त्रिकोण होता, आणि त्यात पाच.

आता हे ज्याला माहीत नाही त्याला सांगते. आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो. त्यात आधी काय भरलं होतं, आणि ते खाण्यासाठी केलं होतं का, हे आकडा सांगत नाही. रंगाची बादली रंगासाठी केलेली असते. ती कितीही घासली तरी अंगात रंग मुरलेला असतो, आणि तेल, मीठ, आंबट तो बाहेर ओढतात. असलं खाऊन उद्याच कुणी मरत नाही. पण मी माझ्या गिऱ्हाइकाला असल्या बादलीत साधं मीठसुद्धा ठेवू दिलं नसतं.

मी झाकण लावलं, चहा घेतला, डबा पिशवीत टाकला आणि निघाले. वहिनीला काही बोलले नाही. का बोलले नाही, याची कारणं मी जीपमध्ये बसून जमवली. वहिनीसमोर आईला चुकीचं ठरवणं बरं दिसलं नसतं. तिनं एवढ्या उन्हात आंबे फोडलेले. आणि बोलले असते तर पहिला प्रश्न आलाच असता: पाच कुणी सांगितलं? हे तिसरं कारण खरं होतं, पहिली दोन त्याला झाकायला. फडताळात वरती चिनी मातीची बरणी होती, तोंडाला फडकं बांधलेली. ती मी पाहिली होती. त्यात मीठ असेल असं मी धरून चालले.

घरी आल्यावर मी तो डबा घंटागाडीत रिकामा केला. दोन किलो लोणचं. गाडीवरची बाई म्हणाली, "बुरशी आली का ताई?" मी हो म्हटलं. डबा मात्र फेकवेना, सोड्यानं धुऊन ठेवला, कारण त्यातच लाडू जायचे होते. महिन्याभरानं आईचा फोन आला, "कसं झालंय औंदा?" मी म्हटलं, "लई भारी. पोरांनी फडशा पाडला." पुढच्या वर्षीही बादली तिथंच होती. पुढच्या वर्षीही मी डबा आणला, ओतला, आणि लई भारी म्हटलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मात्र मला त्यात फार अपराधी वाटत होतं असं नाही. माझ्या घरात ते लोणचं कुणाच्या तोंडात जात नव्हतं, म्हणजे विषय मिटला. आई खाते का, किती खाते, हे मनात आलं तेव्हा मी स्वतःला सांगितलं, तिच्या तोंडात दात किती राहिलेत, ती असं कितीसं खाणार.

त्या दिवाळीनंतर आईच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. आठ दिवस ती माझ्याकडे राहिली, काळा चष्मा लावून. दुसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, "जरा लोणचं वाढ. आपलंच." मी तयारीत होते. विकतचं आंब्याचं लोणचं आणून तिच्याच डब्यात भरून ठेवलं होतं. लाल ठिपक्याचं झाकण तिच्यासमोर उघडलं आणि एक फोड ताटात वाढली.

तिनं फोड तोंडात घातली, हिरडीनं दाबली, आणि काढून ताटाच्या कडेला ठेवली. मग डब्यावर हात फिरवला, झाकणावरचा ठिपका नखानं चाचपला.

"डबा माजा हाय. लोणचं माजं न्हाई."

"आई, तेच आहे गं."

"डोळ्याला दिसंना म्हून जिभेलाबी कळंना, असं वाटलं व्हय तुला?"

मग मी सगळं सांगितलं. रंगाची बादली, तेल, आंबट, पाच आकडा, घंटागाडी. सांगताना माझा आवाज चढला, कारण चूक आपली असली की माझा आवाज चढतो. म्हटलं, "रंगाच्या बादलीत कुणी लोणचं घालतं का? माझ्या पोरांना ते कसं घालणार होते मी?"

ती ऐकत होती. काळ्या चष्म्यामुळे तिचं तोंड मला वाचता येत नव्हतं. मी थांबल्यावर ती म्हणाली, "तुमचं लोणचं बरणीतलं असतंय."

"म्हणजे?"

"आजीच्या बरणीतलं. फडताळातल्या. ती पोरांच्या वाट्याची, तिला आमी हात लावत न्हाई. बादलीतलं आमचं. म्या खाते, तुजी वैनी खाती, भात लावाय बाया येत्यात त्या खात्यात. तूच म्हनलीस, पाच असला की डोळं झाकून."

दोन वर्षं मी चांगलं लोणचं कचऱ्यात ओतलं होतं. ते तिलाही कळलं, पण तिचा जीव लोणच्यात अडकला नाही. तिनं भात कालवला, एक घास घेतला, आणि मग विचारलं.

"बादली वाईट हाय, ह्ये तुला दोन वर्सं ठावं व्हतं?"

"हो."

"आनी आमी खाईतच व्हतो."

मी उगाच तिच्या ताटात आणखी भात वाढला. दुकानात मला कधी शब्द कमी पडत नाहीत.

"तू तुज्या पोरांचं ताट सांबाळलंस," ती म्हणाली. "बरं केलंस. पर येक फोन तरी करायचास, बाई." आणि तिनं ताक मागितलं. आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं. मी उठून ताक आणलं आणि स्वयंपाकघरात ओट्याला धरून रडले, आवाज न करता, कारण तिचे कान चांगले आहेत.

आठवड्यानं तिला पोचवायला गेले. सोबत तीन मोठ्या बरण्या नेल्या, एक चिनी मातीची, दोन काचेच्या. बादली मी स्वतः रिकामी केली. तळाशी दोन बोटं लोणचं उरलं होतं, म्हणजे वर्षाचं खाऊन झालंच होतं. वहिनी म्हणाली, "वन्सं, तुमी तवाच बोलला असता तर?" मी बादली उचलून गोठ्यात नेऊन ठेवली. बादलीत आता गोठ्यातलं शेण भरतात. आईला आणि वहिनीला अजून काही झालेलं नाही. रोपं लावायला येणाऱ्या बायांचं मला माहीत नाही, त्यांना मी विचारलेलं नाही.

दुकानात मी अजून डबे उपडे करते. पाच दाखवल्यावर आता विचारते, घरात रंगाची बादली आहे का, फवारणीच्या औषधाचा कॅन आहे का, त्यात काय भरलंय. बाया ओशाळतात. बहुतेकींच्या घरात असतं.

यंदा मे महिन्यात लोणच्यासाठी गेले. आई घरात होती, राबाचं काम आटपून आलेली, हाताला काजळी. लाडू काढून रिकामा केलेला माझा डबा तिनं पुढ्यात घेतला, बरणीचं फडकं सोडलं, आणि पळीनं एक फोड काढून माझ्या तळहातावर ठेवली.

"हितंच खा आदी," ती म्हणाली. "माज्या म्होरं."

मी फोड तोंडात घातली. मी ती गिळेपर्यंत ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, चष्म्याशिवाय, दोन्ही डोळ्यांनी. मग तिनं डबा भरायला घेतला.