अण्णांचं गायरान

अण्णा सरपंच झाले त्या वर्षी आईच्या मागे एक नवं काम लागलं – सदऱ्याच्या खांद्यावरचे हिरवे डाग काढायचं. इस्त्रीचा पांढराशुभ्र सदरा घालून माझे वडील तालुक्याच्या बैठकीला निघायचे, जाता जाता सवयीने गोठ्यात डोकवायचे, आणि हरणी गाय आपली खरखरीत जीभ काढून त्यांचा खांदा चाटायची... चघळलेल्या वैरणीचा आंबूस वास अंगावर घेऊन अण्णा मग साहेबांच्या शेजारी बसायचे. "आवो, बदला की सदरा!" आई ओरडायची. "आगं, हिच्याच जिवावर मतं पडली हायती. ऱ्हाऊ दे," म्हणत ते चालू लागायचे.

ते खरंही होतं. आमचं गाव अक्कलकोट तालुक्याच्या टोकाला. माळाच्या शेवटच्या बांधापासून कर्नाटक सुरू व्हायचं, पण हे गवताला ठाऊक नव्हतं आणि आमच्या खिलार गुरांना तर मुळीच नाही. चरत चरत पलीकडे गेलेला कळप परत आणायला अण्णा बांधावर उभे राहून "बा... बा..." अशी कानडीत लांब हाक घालायचे. गाईंशी कानडी, माणसांशी मराठी आणि संतापले की दोन्ही, असा त्यांचा रिवाज. कुणाचं जनावर कुणाच्या पिकात शिरलं, की दोन्ही राज्यांतली माणसं तावातावाने आमच्या गोठ्यात यायची, कडब्याच्या पेंढ्यांवर टेकायची, आणि अण्णा शेण काढता काढता निवाडा द्यायचे. तिथूनच गावाने त्यांना उचलून ग्रामपंचायतीच्या खुर्चीत बसवलं.

कळप चरायचा तो गावालगतच्या गायरानात. श्रावणात तिथे पवन्या गवत माझ्या कमरेइतकं वाढायचं, दिवाळीनंतर त्याचा रंग गुळासारखा व्हायचा, आणि कुसळं परकराच्या घेराला अशी चिकटायची की ती काढत बसण्यातच संध्याकाळ सरून जायची. खिलार गाय दूध देते बेताचंच. तिचं मोल तिच्या खोंडांत, आणि खोंड तयार होतो तो मोकळ्या माळावर. दावणीला बांधून वाढवलेल्या खोंडाच्या पायात बळ येत नाही, असं अण्णा सांगायचे. गायरान होतं म्हणून आमचा कळप होता, इतकं ते सरळ होतं.

गावात शाळा सातवीपर्यंत. पुढे मुलगे सायकलने तालुक्याला जात. मुली घरी बसत आणि वर्षा-दोन वर्षांत त्यांच्या सोयरिकीची बोलणी सुरू होत. मी सातवीत असताना गावाला हायस्कूल मंजूर झालं... आणि जागेचा प्रश्न आला. गावाजवळ सरकारी जमीन एकच, गायरान. ओढ्यापलीकडेही एक खडकाळ तुकडा होता. अण्णांचं मन राखायला सगळे पंच तोच तुकडा सुचवत होते.

एका रात्री जेवताना आईनेच विषय काढला.

"वड्यापल्याड दिली जागा तर काय बिघडंल?"

"पावसाळ्यात वढा भरला की पोरी घरात. आन् एकदा घरात बसली की ती पोर पुन्हा शाळंत जात न्हाय."

"आन् गुरं? ती कुटं चारायची?"

अण्णांनी ताटात पाणी सोडलं आणि हात धुऊन उठले. ग्रामसभेत गायरानाचा ठराव त्यांनी स्वतःच मांडला. मी मात्र हायस्कूल आलं म्हणून उड्या मारत होते.

पाया खणला गेला, चरायला जागा उरली नाही आणि कळप थोडा थोडा करून बाजाराला जाऊ लागला. आमच्याकडे जनावर विकलं तरी दावं विकत नाहीत. घेणारा आपला दोर आणतो, विकणारा आपलं दावं सोडून घरी नेतो आणि गोठ्यातल्या खुंटीला अडकवतो... पुन्हा त्या दाव्याला जनावर लागावं म्हणून. आमच्या खुंटीवर दाव्यांचा भारा जमला. येणारे-जाणारे म्हणत, "काळजी करू नका, दावी हायती तर गाई बी येतील." हरणीला मात्र अण्णांनी शेवटपर्यंत ठेवलं. तिचा घेणारा हद्दीपलीकडचा, ओळखीचाच. त्याने नवा दोर बाहेर काढला, तसा अण्णांनी त्याचा हात धरला. "ऱ्हाऊ दे. दाव्यासकट ने." मग खुंटीवरचा सगळा भाराही त्यांनी त्याच्या खांद्यावर टाकला. आई दारातच बसून रडू लागली. अशी ती रडताना मी आधी कधी पाहिली नव्हती.

त्या हायस्कुलातून दहावी होऊन मी सोलापूरला आले, शिकले, नोकरीला लागले. अण्णा आता थकलेत. सात रस्त्याजवळच्या माझ्या घरी येऊन राहतात, खिडकीशी बसून रहदारी बघतात. इतक्या वर्षांत जे विचारायचा धीर झाला नव्हता, ते परवा चहा देताना विचारून टाकलं – अण्णा, दावी का देऊन टाकली?

त्यांनी कप खिडकीत ठेवला.

"दावं घरात असतं तर गाय आणावीशी वाटली असती," ते म्हणाले. "गाय आली की गायरान आठवलं असतं. शाळंच्या चारच भिंती उभ्या ऱ्हायल्या व्हत्या तवा, ठराव फिरवाया येळ लागला नसता. आन् खुर्चीत तर मीच बसलो व्हतो की, पोरी."