सप्रेम भेट, बारावी विज्ञान

आमच्या शाळेच्या भिंतींवर नऊ घड्याळं होती आणि नऊही वेगवेगळी वेळ दाखवायची. शेलूबाजारच्या पुढं हायवे सोडून आत गेलं की एक गाव लागतं, तिथली ही शाळा. खाली दहावीपर्यंतचे वर्ग आणि वर ज्युनियर कॉलेज. निरोप समारंभाला बारावीच्या वर्गानं शाळेला काहीतरी भेट द्यायची अशी पद्धत होती, आणि काहीतरी म्हणजे घड्याळच. त्याच्या काचेवर वर्गाचं नाव आणि 'सप्रेम भेट' ही अक्षरं. सेल संपला की तो बदलायचा कुणी, हे मात्र कुठल्याच वर्गानं ठरवलेलं नव्हतं.

आमच्या वर्षीही मुलांनी घड्याळच ठरवलं. वर्गणी निघाली, आम्ही मुलींनीही दिली आणि कुणी चकार शब्द काढला नाही. मीसुद्धा नाही, आणि याचं मलाच नवल वाटलं. माझी जीभ आमच्या गावात प्रसिद्ध होती. दरवर्षी जयंतीला विहारासमोर भाषण ठोकणारी मी, माइक दिसला की मला कंठ फुटायचा. म्हणूनच समारंभात वर्गाच्या वतीनं बोलायला वर्गशिक्षक सरांनी मलाच निवडलं होतं. पण आम्हाला घड्याळ नको, दार पाहिजे, हे सगळ्या मुलांसमोर म्हणायचं कसं?

दार म्हणजे मुलींच्या बाथरूमचं. खालून कुजलेलं, वरच्या बिजागरीतून सुटलेलं, आतून कडी नाही. एकीनं आत जायचं आणि दुसरीनं बाहेर उभं राहून ते दोन्ही हातांनी धरायचं. दोन वर्षं मी माझ्या बाकावरच्या मैत्रिणीसाठी दार धरलं आणि तिनं माझ्यासाठी. वर्गात आमच्या जितक्या गप्पा झाल्या नसतील तितक्या त्या दाराच्या अलीकडून पलीकडून झाल्या. नर्सिंगला जायचं तिनं मनात धरलंय, हे मला तिथंच कळलं. ती स्वभावानं फार लाजरी. शक्यतो जायलाच लागू नये म्हणून सकाळी आमच्या गावाहून शाळेला यायच्या जीपमध्ये बसल्यापासून संध्याकाळी घरी उतरेपर्यंत ती पाण्याचा थेंब घेत नसे.

व्हायचं तेच झालं. जानेवारीत ती आजारी पडली. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी भरपूर पाणी प्यायला सांगितलं आणि लघवी दाबून ठेवायची नाही म्हणून बजावलं. त्याच आठवड्यात सराव परीक्षा होती. परीक्षेत एका वेळी एकीलाच बाहेर सोडतात, मग दार धरणार कोण? भौतिकशास्त्राच्या पेपरला ती पोट दाबून बसून राहिली आणि निम्मा वेळ होताच पेपर देऊन निघून गेली. त्या विषयात ती नापास झाली. तिच्या घरचे वाईट नव्हते, पण बोर्डात एक जरी विषय राहिला तर शिक्षण बंद, असं त्यांनी सांगून टाकलं. बोर्डाचं सेंटर आमच्याच शाळेत होतं.

"मी सरले सांगीन," मी तिला म्हटलं.

"काय सांगशीन? माहं नाव घेतलं तं जन्मात बोलणार नाही तुह्याशी."

समारंभाच्या दिवशी अकरावीच्या मुलींनी व्हरांड्याभर रांगोळी काढली होती. आम्ही आयांच्या साड्या नेसून आलो होतो आणि दर दहा पावलांवर निऱ्या सावरत होतो. मुलांनी गॉगल लावले होते, वर्गातसुद्धा. टेबलावर रंगीत कागदात बांधलेलं घड्याळ ठेवलं होतं. पुढच्या खुर्चीत आमचे वर्गशिक्षक बसले होते. ते आम्हाला भौतिकशास्त्र शिकवायचे. खडू फेकून मारण्यात त्यांचा नेम कधी चुकला नाही, आणि दिवाळीच्या सुट्टीत सकाळी सात वाजता येऊन जादा तास घेण्यातही ते कधी चुकले नाहीत. त्या तासांचं ऋण मी आजही मानते.

भाषण मी घोकून आले होते. ज्ञानाचं मंदिर, संस्कारांची शिदोरी, जड अंतःकरण, सगळं ओळीनं म्हटलं. सरांचे आभार मानले, मॅडमचे मानले, वेळेवर घंटा देणाऱ्या काकांचे मानले, आणि ते आभार अगदी खरे होते. मग लिहून आणलेलं संपलं. मी समोर पाहिलं. माझी मैत्रीण तिसऱ्या रांगेत बसली होती. पुढ्यातला आलुबोंडा तिनं खाल्ला होता, पण पाण्याचा पेला तसाच भरलेला होता. ते पाहून माझं डोकं फिरलं.

"सर, आमाले घड्याळ नाही पायजे," मी म्हणाले. माइकवर मी घरच्या बोलीत बोलतेय, हे मलाच उशिरा कळलं. "पोरींच्या बाथरूमले धड दार नाही. पोरी दिवसभर पाणी पीत नाहीत, बिमार पडतात. पेपरात दार धराले कोणी येत नाही. आमचा बोर्डाचा पेपर इथंच हाये."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. मुलींनी माना खाली घातल्या. सर उठले, मला बसायला सांगितलं आणि एकदम आभार प्रदर्शनच उरकून टाकलं. मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं, पण कोण आजारी पडलं होतं हे सगळ्यांना माहीत होतं. वर्गाच्या फोटोत मैत्रीण माझ्यापासून सर्वांत लांब जाऊन उभी राहिली. आपण सगळ्यांचा निरोपाचा दिवस नासवला असं वाटून मी घरी जाऊन रडले.

सोमवारी हॉल तिकीट आणायला शाळेत गेलो तर बाथरूमपाशी सर गुडघ्यांवर बसलेले, हातात थापी. आमच्या वर्गातल्या चौघांनी नवं लोखंडी दार धरून ठेवलं होतं आणि सर चौकटीत सिमेंट भरत होते. घड्याळ सरांनी स्वतः दुकानात परत केलं होतं. दार रविवारी शेलूबाजारच्या वेल्डिंगच्या दुकानातून जीपच्या टपावर बांधून आणलं होतं. हिरवा ऑइलपेंट, आतून चांगली जाड कडी. आणि बाहेरून पांढऱ्या ठळक अक्षरांत, लांबून वाचता येईल असं: सप्रेम भेट, बारावी विज्ञान.

"बाथरूमच्या दारावर कोणी सप्रेम भेट लिहिते का?" मी मुलांवर उखडले.

"मंग? घड्याळावर लिहीतच होतो ना," त्यातला एक दार न सोडता म्हणाला. "नाव टाकल्याबिगर भेट कशी होईन?"

त्याचं काही चुकलंय असं त्याला खरंच वाटत नव्हतं. मुली तोंडावर ओढण्या घेऊन हसत सुटल्या. सर मान वर न करता म्हणाले, "दोन वर्सं झाले, एकीनंबी मले सांगितलं नाही."

"तुमी कुठं इचारलं, सर," माझ्या तोंडून निघून गेलं.

सर थापीनं सिमेंट सारखं करत राहिले आणि मग म्हणाले, "आज कोणी हात लावजा नोका, ओलं हाये." त्या क्षणी मला ते फार आवडले. ते चौघेही आवडले. दोन वर्षांत मी त्यांच्याशी चार वाक्यं धड बोलले नव्हते, आणि घामाघूम होऊन ते आमच्यासाठी दार पेलून उभे होते. आभार मानायला आता माइक नव्हता, म्हणून मी घागरीतून पाणी आणून एकेकाला दिलं.

मैत्रीण मात्र माझ्याशी बोललीच नाही. पेपर सुरू झाले, तरी जीपमध्ये ती पुढं बसायची आणि मी मागं. भौतिकशास्त्राच्या पेपरला ती माझ्या उजवीकडच्या रांगेत होती. निम्मा वेळ झाला आणि ती उठली. पर्यवेक्षक मॅडमना काहीतरी पुटपुटली आणि एकटीच बाहेर गेली. तिची उत्तरपत्रिका बाकावर तशीच होती. मला पुढची ओळ सुचेना. मी कान लावून बसले, आणि व्हरांड्याच्या टोकाला आतून कडी लागल्याचा आवाज मला ऐकू आला.

ती थोड्याच वेळात परत आली. माझ्याकडं पाहिलं नाही. बाकावर बसली, भराभर लिहू लागली, आणि अर्ध्या तासानं हात वर करून सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं पुरवणी मागितली.