पेटीतले ब्लाउजपीस

ओटीतला ब्लाउजपीस सहसा कुणी शिवून घेत नाही. एकीच्या ओटीतून दुसरीच्या ओटीत तो फिरत राहतो. आमच्या घरी मात्र तो थांबला आहे. पसारा कमी करताना आईच्या पेटीत गठ्ठाच सापडला.

"वाटून टाक की!" मी म्हणाले.

"तुझे बाबा गेल्यावर माझ्या हातची ओटी कोण घेणार, बाई?"

मी तरातरा जाऊन शेजारच्या काकूंना गाठलं आणि आईच्या हातची ओटी घ्यायला बोलावलं. विधवांच्या मानाबद्दलचं माझं पत्रक त्यांनी कौतुकाने वाचलं होतं. त्या म्हणाल्या, "तू दे गं तुझ्या हाताने. आईला कशाला उठवतेस?"

संताप आला. पण संतापाने कुणाचा पदर पुढे होत नाही.

परतले तेव्हा आई एकेक घडी मोडून पुन्हा घालत होती.

"राहू दे," ती म्हणाली, "जागा ती कितीशी लागते?"