दौलतमास्तरांची तेरा मिनिटं

पस्तीस वर्षं बातम्या लिहिल्या. छापलेलं रद्दीत गेलं, न छापलेलं डोक्यात साचलं. त्यातलं बरंचसं रिसोडच्या दौलतमास्तरांचं.

मास्तर बँडवाले. समोरचे दात पडले आणि क्लॅरिनेट वाजवणं सुटलं, तेव्हापासून नुसत्या हाताच्या इशाऱ्यावर चौदा माणसं वाजवतात. तेरा मिनिटांची एक चाल त्यांनी स्वतः बांधली. ती एकदा तरी कुणी शेवटपर्यंत ऐकावी, एवढंच मागणं!

वरातीत ती चौथ्या मिनिटापुढे जात नाही. एकदा बरी रंगली, तर नवरदेवाचा मामा धावत आला. "ओ मास्तर, कोनी मेल्यावानी काय वाजवून राह्यले? पोट्टे नाचाचे थांबले ना!"

कलावंताचं प्रमाणपत्र काढायला मी त्यांना एका ऑफिसात नेलं. साहेबांनी विचारलं, "वाद्य कोणतं?"

"काईच नाई."

"मग वाजवता काय?"

"चौदा मानसं, साहेब."

शेरा पडला, 'वादक नाही.' मी टेबलावर हात आपटून भांडलो. शेरा वाढला, 'सोबतचा इसम उद्धट!'

शिरपूरच्या एका लग्नात डीजे होता, तरी यांना सुपारी. मास्तर खूश! तिथे मुलीचा बाप म्हणाला, "वाजवू नोका. नुसते तोंडाले लावून उभे राहा. तुमचा ड्रेस फोटोत लय भारी दिसते!"

उभे राहिले. सवयीनं मास्तरांचा हात हलत होता. शेवटी ट्रम्पेटवाला हळूच म्हणाला, "मास्तर, कायले हात दुखवता?"

मग एकदा मास्तरांचा सत्कार झाला. 'उपेक्षित कलावंत' या विषयावर तासभर भाषणं! मास्तरांनी माणसं उभी केली, तेवढ्यात सूत्रसंचालक म्हणाला, "वेळेअभावी आपण थेट आभाराकडे वळू या."

आणि मानोऱ्याचा तो चौक. मंत्र्यांचं स्वागत होतं, मंत्री दोन तास लेट. मास्तरांनी मोका साधला, चाल सुरू केली. कुणीही अडवलं नाही. शेवटचा सूर विरला, मास्तरांचा हात खाली आला. ते घामानं भिजले होते.

आयोजक हार सावरत आला. "झाली ना टेस्टिंग, मास्तर? मंग करा ना आता सुरू!"

मास्तर माझ्याकडे वळले. "पत्रकारसाहेब, तुमी तं आयकली ना पुरी?"

चाल सुरू होती तेव्हा मंत्री कुठवर आले, हे मी फोनवर विचारत होतो.