सिद्रामप्पांच्या घराला आलेली ओल

हसायचं असेल तर आधी चहा संपवून घ्या. मागाहून ठसका लागला तर मी जबाबदार नाही!

सोलापुरात मी नवाच फोटो स्टुडिओ थाटला होता. इतर फोटोवाल्यांकडे मागे ठरलेला पडदा: दोन खांब, एक कुंडी आणि तळ्यात हंस. मला मात्र ढग हवे होते. पुढे माणूस, मागे नुसते धूसर ढग! असा पडदा विकत कुठे मिळणार? म्हटलं, आपणच करू.

मांजरपाट आणला. शेजारच्या विणकराकडून सुताला लावायची खळ मागून घेतली, तिच्यात तांबडी काव आणि नीळ वेगवेगळी कालवली आणि चिंध्यांच्या बोळ्याने दोन दिवस कापडावर थापत बसलो. काय दिसत होतं म्हणता! तांबूस आभाळात निळे ढग. मीच त्याच्यापुढे तासभर खुर्ची टाकून बसलो.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते सिद्रामप्पा, भुसार मालाचे व्यापारी. मुलीचा, महानंदाचा, फोटो दुधनीला दाखवायला पाठवायचा होता. स्थळ तालेवार. मी तिला पडद्याला अगदी खेटून बसवलं आणि फोटो काढला.

आता, त्या काळी कॅमेऱ्यात काच असायची, तिच्यावर फोटो उमटायचा; त्या काचेला तांबडं काळं दिसतं आणि निळं पांढरं, हे कुठल्याही फोटोवाल्याला ठाऊक असतं. मलाही होतं हो! पण ढगांच्या नादात डोक्यातून पार गेलं. फोटोत पोरगी सुरेख आली. मागे मात्र काळे डाग, पांढरे चट्टे आणि मधूनमधून खळीचे पोपडे. मला ती कलाच वाटली! दिला फोटो.

आठ दिवसांनी सिद्रामप्पा दारात. हातात पत्र, डोक्याचा रुमाल वाकडा.

"मास्तर, माझं घर कधी पडाय लागलं हो?"

"घर?"

"दुधनीचे लिवतेत, मुलगी पसंत हाय. पण ज्या घराच्या भिंती ओलीनं अशा फुगल्यात, तिथली सोयरीक नको!"

म्हणजे माझे ढग त्यांना भिंतीवरची ओल वाटले होते!

गोष्ट बाजारात पसरली. सकाळी नुसती भिंत कलली होती, दुपारपर्यंत छत आलं खाली. दुसऱ्या दिवशी मोहोळहून दोन पाहुणे सांत्वनाला हजर, सिद्रामप्पांच्या आई ढिगाऱ्याखाली गेल्या म्हणून! आई ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनीच पाहुण्यांना पाणी दिलं.

मग मी दुधनीला पत्र टाकलं: "घर ठणठणीत आहे. ओल माझी आहे."

याने कुणाचं समाधान होणार? उलट मुलाचे काका, बसण्णा, स्वतःच येऊन धडकले. त्यांनी सिद्रामप्पांच्या घराच्या भिंती ठोकून बघितल्या. दगडी, कोरड्या ठाक!

"मग फोटोत काय हाय ते?"

सिद्रामप्पांनी त्यांना तडक माझ्याकडे आणलं. बसण्णांनी पडद्यावर बोट घासलं, बोटाचा वास घेतला आणि गडगडाटी हसले.

"यप्पा! कापड हाय की हे!"

सोयरीक तिथल्या तिथे पक्की झाली. सिद्रामप्पांनी मला मिठी मारली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही. मला एकदम जोर चढला.

"बसण्णा, पडदा कसा वाटला ते तरी सांगा."

"खरं सांगू? हे कापड काय जमलं न्हाय बघा." बसण्णांनी खोलीभर नजर फिरवली आणि कोपऱ्याकडे बोट केलं. "पण तो तिथला पडदा लई बेस! पोपडे कसे खरेखुरे उतरलेत. हातानं काढावेत वाटतंय. कलाकार हाय की तुमी!"

मी वळून बघितलं. तिकडे पडदा नव्हताच. ती माझ्या स्टुडिओची भिंत होती.

"बसण्णा," मी खाली मान घालून म्हणालो, "ते काम माझं नाही. पावसाचं आहे."