दारातली हद्द

माझ्या घरासमोरच्या रस्त्यावर मधोमध एक पांढरी रेघ आहे. बरीच वर्षं ती नुसती रेघ होती. मग कौन्सिलच्या निवडणुकीचे मतदारसंघ नव्याने आखले गेले आणि रेघेची हद्द झाली. रेघेच्या अलीकडचे आम्ही एका वॉर्डात, पलीकडचे दुसऱ्यात. इथे त्याला लांबलचक सरकारी नाव आहे, पण आम्ही मराठी माणसं वॉर्डच म्हणतो. गाव डब्लिनच्या पश्चिमेला आहे एवढंच सांगते. नाव सांगितलं तर दोन नगरसेवक ओळखू येतील, आणि दोघांशीही सध्या माझं बरं चाललंय.

एरवी हद्द इकडे सरकली काय नि तिकडे सरकली काय, मला फरक पडला नसता. सकाळी ट्रेन, मग लुआस म्हणजे इथली ट्राम, असं करत मी सँडीफोर्डला ऑफिसला जाते, संध्याकाळी तशीच परत येते. पासपोर्ट इथला नसला तरी कौन्सिलच्या निवडणुकीत मत देता येतं, हेच मला फार उशिरा कळलं. पण रेघेच्या पलीकडे, बरोबर माझ्या दारासमोर, माझी मैत्रीण राहते. मूळची स्लायगोकडची, वयाने माझ्या आईएवढी, नवरा गेल्यापासून एकटी. माझी मुलगी तान्ही होती तेव्हापासून ही बाई रोज संध्याकाळी रस्ता ओलांडून माझ्या स्वयंपाकघरात चहाला यायची. आल्याचा चहा तिला आधी औषध वाटला. मग तिला त्याचं व्यसन लागलं.

तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि येणं थांबलं. आमचा रस्ता वळणावरचा, गाड्या सुसाट येतात. तिला चालायला वॉकरची चौकट लागायची, आणि कुणाचा हात धरायला ती तयार नव्हती. मी थर्मास घेऊन तिच्याकडे जायला लागले. दोन-चार वेळा तिने सहन केलं, मग म्हणाली, "माझ्या घराचा हॉस्पिटलातला वॉर्ड करू नकोस. तू भेटीच्या वेळेला आल्यासारखी येतेस. मला तुझ्याकडे यायचंय, माझ्या पायांनी, आणि तुझी बेल वाजवायचीय." मला ते लागलं, कारण बोलणं खरं होतं. मी खुर्चीच्या टोकावर बसत होते आणि आवाज हळू काढत होते.

तर रस्त्यावर सिग्नलवालं क्रॉसिंग हवं होतं. बटण दाबायचं, हिरवा माणूस लागला की चालायचं. जुन्या नगरसेवकाने ते कबूल केलं होतं. टक्कल, हसरा चेहरा, आणि तोंडात एकच वाक्य, "लीव्ह इट विथ मी." हद्द बदलली आणि त्याचा सूर बदलला. निवडणूक अजून लांब होती, पण त्याची नजर पुढच्या मतांवर. तो म्हणाला, क्रॉसिंगचा एक खांब तुमच्या बाजूला येणार, आणि तुमची बाजू आता माझ्याकडे नाही. आमच्या बाजूला जी बाई उभी राहणार होती तिला विचारलं. तरुण, चटपटीत, स्कार्फ नेहमी झकास. ती म्हणाली, गरज त्या आजींना आहे आणि त्या तर पलीकडच्या वॉर्डातल्या मतदार. मग तीही म्हणाली, "लीव्ह इट विथ मी."

त्या शरदात माझ्या सासूबाई मिरजेहून आल्या होत्या. इथे वसाहतीला इस्टेट म्हणतात. त्यामुळे मुलाची आयर्लंडात इस्टेट आहे असं त्या मिरजेत सगळ्यांना सांगून आल्या होत्या, आणि आमचं भिंतीला भिंत लागलेलं घर बघून थोड्या गप्प झाल्या होत्या. समोरच्या बाईशी मात्र त्यांचं लगेच जमलं. एकीला मराठी नाही, दुसरीला इंग्रजी नाही, तरी तासन्‌तास बोलायच्या. सासूबाई तिला वैनी म्हणायच्या.

एकदा तो टक्कलवाला दोन्ही बाजूंनी प्रचार करत आमच्याही दारात आला, बहुधा सवयीने. इथे शिक्का मारायचा नसतो, उमेदवारांपुढे पसंतीचे आकडे घालायचे असतात. हद्द आठवल्यावर तो ओशाळला आणि म्हणाला, पलीकडे कुणी ओळखीचं असेल तर सांगा, एक नंबर नाही तर दोन नंबर तरी द्या. मी सासूबाईंना सांगितलं. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या.

"दोन नंबरचं उघड मागतोय व्हय ह्यो? आपल्याकडं निदान मागच्या दारानं तरी येत्यात."

क्रॉसिंगचं सगळं ऐकल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला. "हद्द नेमकी कुठनं जाती म्हनालीस?"

मी रेघ दाखवली. त्यांचे डोळे चमकले. दर दसऱ्याला फोनवर त्या विचारायच्या, सीमोल्लंघन केलंत का, आणि दर वर्षी माझा नवरा म्हणायचा, आई, इथे कुठली सीमा शोधू, पार्किंग मिळत नाही. आता सीमा दारात आली होती. आसपासच्या मराठी घरांना मी निरोप धाडला. मग मला दुर्बुद्धी म्हणा की सुबुद्धी, मी त्या दोघांना वेगवेगळं गाठलं आणि सांगितलं की आमचा हद्द ओलांडायचा सण आहे, पन्नासेक माणसं असतील, फोटो छान येतील. एकाला बोलावलंय हे दुसऱ्याला सांगितलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

दसऱ्याला दोघे आले आणि एकमेकांना बघून दोघांचे चेहरे कडू कारल्यासारखे झाले. पण फोटोसाठी लोकांचे फोन वर झाले होते, त्यामुळे हसले. तो आपल्या फुटपाथवर, ती आपल्या. आपट्याची पानं इथे कुठून आणणार? मुलीने आणि मी पार्कातून पिवळी पडलेली पानं टोपली भरून आणली होती. सासूबाई म्हणाल्या, आपल्याकडं हिरव्याला सोनं म्हनायचं, हितलं खरंच पिवळं हाय. नवी साडी, वर माझ्या नवऱ्याचा जाड कोट, अशा थाटात त्यांनी रेघ ओलांडली आणि टक्कलवाल्यापुढे पान धरलं. "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा."

"त्या तुम्हाला सोनं देतायत," मी इंग्रजीत सांगितलं.

त्याने हात झटकन मागे घेतला. म्हणाला, भेटवस्तू घेतली तर आम्हाला जाहीर करावी लागते. तो गंमत करत नव्हता. सासूबाई मला म्हणाल्या, "ह्यो का लाजतोय?" आणि पान त्याच्या कोटाच्या खिशात खोचून पुढे गेल्या. लोक हसत होते, एकमेकांना पानं देत होते, पाया पडत होते. दोन्हीकडे गाड्या थांबल्या होत्या आणि कुणी हॉर्नही वाजवत नव्हतं. मला फार मजा वाटत होती.

सगळे आमच्या बाजूला परतले, गाड्या निघून गेल्या, रस्ता मोकळा झाला. समोरची आपल्या फाटकात चौकट धरून उभी होती, हातात सासूबाईंनी दिलेलं पान. तिने ते दातात धरलं, चौकट उचलली आणि फुटपाथवरून खाली रस्त्यावर ठेवली. तिने कुणाला विचारलं नाही. दोन पावलं टाकली असतील. वळणावरून एक गाडी आली. ब्रेकचा आवाज झाला, मग हॉर्न, आणि गाडी तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली.

मी धावले. तिने पंजा दाखवून मला थांबवलं. एकेक पाऊल मागे घेत ती फाटकात गेली. चेहरा पांढराफटक. "ग्रँड," ती म्हणाली, "आय ॲम ग्रँड." इथे ठीक असण्याला ग्रँडच म्हणतात. आणि आत जाऊन तिने दार लावून घेतलं.

माझं डोकं फिरलं. घाबरल्यावर मला रागच येतो. रेघेवर उभी राहून मी दोघांवर ओरडले, आणि भान नसल्यामुळे मराठीत ओरडले, "मेली असती तर कुणाच्या वॉर्डात मेली असती ती?"

दोघांना एक अक्षर कळलं नाही. माझी मुलगी मराठी सगळं समजते, उत्तर मात्र कायम इथल्या हेलात इंग्रजीत देते. ती शांतपणे म्हणाली, "मॅम वॉन्ट्स टू नो, हूज एरिया वुड शी हॅव डाइड इन."

टक्कलवाल्याने खिशातलं पान काढलं आणि हातात फिरवत बसला. चटपटीत बाईने स्कार्फ सारखा केला. "लीव्ह इट विथ मी" दोघांपैकी कुणीही म्हणालं नाही. मग तो रेघ ओलांडून तिच्या बाजूला आला आणि दोघे माझ्या कुंपणाशी बराच वेळ हळू आवाजात बोलत उभे राहिले.

निवडणुकीच्या आधी क्रॉसिंग झालं. दोघांच्या पत्रकांवर त्याचा फोटो होता, प्रत्येकाच्या फोटोत आपापला खांब. दोघेही निवडून आले. सासूबाई तोवर मिरजेला परतल्या होत्या. फोनवर त्यांनी फक्त विचारलं, "वैनी आली का?"

आली. रंग वाळल्यावर पहिल्याच संध्याकाळी. मी खिडकीत पडद्याआड, शेजारी मुलगी, तिचं मनगट मी घट्ट धरलेलं, नाहीतर ती धावली असती. समोरचीने बटण दाबलं. हिरवा माणूस लागला आणि ती निघाली. ती निम्म्यात पोचली तेव्हा तो विझला. ती बरोबर रेघेवर थांबली. दोन्हीकडच्या गाड्यांकडे एकदा नीट बघून घेतलं, लिपस्टिक लावली होती बाईने, आणि पुन्हा सावकाश चालू लागली. पुढच्या गाडीवाल्याने इंजिनच बंद केलं.

माझ्या डोळ्यांतलं पाणी थांबेना. मुलगी कुजबुजली, "मॅम, गो ऑन, ओपन द डोअर." मी दारापाशी जाऊन उभी राहिले. बाहेर चौकटीचा खडखड आवाज आला, मग श्वास घेण्याचा, मग बेल वाजली.

मी लगेच उघडलं नाही. तिला ती पुन्हा एकदा वाजवू दिली.