विठोबा जीनगराची जीप

देवासची थोरली आणि धाकटी अशी दोन्ही संस्थानं मध्य भारतात विलीन झाली आणि थोड्याच दिवसांत दरबारची पागा मोडली. घोड्यांचा लिलाव झाला. त्या घोड्यांची खोगिरं, लगाम, बग्गीचा सगळा साज विठोबा जीनगर करत असे. पणजोबापासून हेच काम. फौजेबरोबर दक्षिणेतून माळव्यात आलेल्या घराण्यांपैकी त्यांचं एक. लिलावाच्या दिवशी विठोबा पागेकडे फिरकला नाही. पुढे तो शाळेची दप्तरं, होल्डॉलचे पट्टे, तबल्याच्या वाद्या असं जे येईल ते शिवू लागला. तक्रार करत नसे, पण मोटारींवर त्याचा मनातून राग होता. बस धुरळा उडवत गेली की ओट्यावर पाठ फिरवून बसायचा. आमचं घर समोरच, त्यामुळे हे आम्ही रोज पाहत असू.

पागेच्या मागच्या बाजूला बग्ग्यांची पडवी होती. तिथे एक अमेरिकन जीप उभी होती. महायुद्ध संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेल्या गाड्यांतून ती शिकारीसाठी आणलेली. विलीनीकरणानंतर तिला कोणी हात लावला नाही. टायर जमिनीला टेकले, टपाचं कापड फाटलं, कोंबड्या सीटवर अंडी घालू लागल्या. पडवी सरकारी दवाखान्याकडे गेली तेव्हा जीपही तिच्याबरोबर गेली.

दवाखान्यात सुमंगलाबाई आपटे नावाच्या नर्स होत्या. वडील संस्थानात कारकून. लग्नानंतर लवकरच नवरा गेला म्हणून इंदूरला राहून त्यांनी नर्सिंगचं शिक्षण घेतलं होतं. बोलायला सरळ, थोड्या तापट. त्रेपन्न सालच्या हिवाळ्यात देवी टोचायला त्यांना उदयनगरच्या जंगलातल्या गावांत जायचं होतं. आदल्या वर्षी बागलीपर्यंत बस आणि पुढे बैलगाडी असा प्रवास केला होता. लस बर्फात ठेवावी लागे. बर्फ वाटेतच वितळला, लस खराब झाली. टोचलेल्या मुलांच्या दंडावर फोड उठले नाहीत, आणि उन्हाळ्यात देवीची साथ आली. एका पाड्यावर त्या पुन्हा गेल्या तेव्हा ओळखीची चार घरं रिकामी होती.

त्यांनी डॉक्टरांकडे जीप मागितली. डॉक्टर म्हणाले, "चालू करून घ्या आणि न्या."

बसस्टँडवरच्या एका मिस्तरीने बोनेट उघडलं, आत उंदरांचं घरटं पाहिलं आणि परत लावलं. "बाई, इसमें कुछ नहीं रखा. भंगार में दे दो," म्हणाला आणि गेला.

मग त्या शिवाजीरावांकडे गेल्या. शिवाजीराव दरबारचे ड्रायव्हर. ही जीप त्यांनीच चालवलेली. पण अर्धांगाच्या झटक्याने त्यांचा उजवा हात निकामी झाला होता. ते टांग्यातून पडवीत आले, जीपभोवती सावकाश फिरले आणि म्हणाले, "हिला काही झालेलं नाही. नुसती आखडली आहे. मला हात द्या कुणाचे तरी, मी सांगतो काय करायचं ते."

त्याच वेळी विठोबा सीटची मापं घ्यायला तिथे आला होता. सुमंगलाबाईंनीच त्याला नव्या गाद्या शिवायला बोलावलं होतं. शिवाजीरावांनी त्याच्याकडे पाहिलं आणि माळवी बोलीत भाऊ म्हणून हाक मारली.

"विठोबा, भिया, जरा इकडे ये. हा पाना धर."

"दादा, मी चामड्यातला माणूस. मोटार मला काय कळते?"

"मला कळते. तुझे हात धड आहेत, तेवढं पुरे."

विठोबाने पाना धरला. शिवाजीरावांना तो लहानपणापासून दादा म्हणत होता, त्यांना नाही म्हणणं त्याला जमलं नाही.

पहिल्यांदा त्यांनी चारी प्लग काढले आणि त्या भोकांतून घासलेट आणि तेल ओतून ठेवलं. काही दिवसांनी पुढून हँडल लावलं. इंजिन हललं नाही. शिवाजीराव म्हणाले, जोर करू नकोस, पुन्हा ओत. मग एका सकाळी टायरांत हवा भरली, गाडी वरच्या गियरमध्ये टाकली आणि विठोबा ती पुढे-मागे झुलवत राहिला. बऱ्याच वेळाने आतून बारीक कुरकुर आली आणि इंजिन बोटभर फिरलं. विठोबा थांबला.

"दादा, हलली."

"ऐकलं मी. हळूच आणखी."

पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. ती काढली तर आत गंज आणि डिंकासारखा चिकट गाळ. विठोबाने तिच्यात खडे आणि घासलेट घालून अंगणात खळखळ हलवली. दवाखान्यातले रोगी खिडकीतून पाहत बसत. तारा नव्या घातल्या, रेडिएटर धुतला. रोज संध्याकाळी तो काळे हात घेऊन घरी जाई आणि मालन, त्याची बायको, राख आणि पाण्याचं भांडं पुढे सरकवी.

"अहो, त्या मोटारींनीच आपली पागा खाल्ली ना? आता तिचीच सेवा का?" एकदा तिने विचारलं.

विठोबा राखेने बोटं घासत राहिला. "दादा बसून असतात तिथे," एवढंच म्हणाला.

पेट्रोल ओढणाऱ्या पंपातला पडदा वाळून तडकला होता. इंदूरहून नवा मागवायचं ठरलं, पण विठोबा म्हणाला, बकरीच्या पातळ कातड्याचा मीच करतो. शिवाजीरावांनी नको म्हटलं. "चामडं मला कळतं, दादा," विठोबा म्हणाला आणि त्याने सुरेख पडदा कापून बसवला. इंजिन लागलंसुद्धा. पडवी धुराने भरली. शिवाजीराव डाव्या हाताने स्टिअरिंग धरून बसले आणि विठोबाने त्यांच्या सांगण्यावरून शेजारून गियर टाकला. सुमंगलाबाई धावत आल्या आणि मागे बसल्या. जीप फाटकाबाहेर गेली, चामुंडेच्या टेकडीकडच्या रस्त्याला लागली आणि बंद पडली. पंप उघडला तेव्हा पेट्रोलने कातड्यातलं सगळं तेल खाऊन टाकलं होतं. ते पापडासारखं कडक झालं होतं. लोकांनी जीप ढकलत आणली. विठोबा दोन दिवस पडवीत आला नाही.

तिसऱ्या दिवशी शिवाजीराव टांगा करून त्याच्या ओट्यापुढे आले. खाली उतरले नाहीत. डाव्या हाताने त्यांनी एक काळं, तेलकट कडं पुढे केलं.

"पुढच्या चाकातून काढवून घेतलं आज. बघ काय आहे."

विठोबाने ते नखाने खरवडलं, वास घेतला. "हे तर चामडं आहे."

"ऑइल सील म्हणतात त्याला. ग्रीस बाहेर येऊ देत नाही. हे गेलं म्हणून ग्रीस ब्रेकवर उतरतंय आणि ब्रेक धरत नाहीत. इंदुरात मिळालं नाही. पेट्रोलमध्ये तुझं चामडं चालायचं नाही, ग्रीसमध्ये चालेल. येतोस का?"

विठोबाने कातडं कापायची रापी आणि टोचायची आरी घेतली आणि टांग्यात बसला.

म्हशीचं कातडं भिजवून लाकडी ठोकळ्यावर ताणायचं, सुकलं की मेण आणि चरबी पाजायची, असं करत त्याने सीलं केली. पहिली दोन बिघडली. एका चाकाचं जमलं, दुसऱ्याचं सुकायचं होतं, तेवढ्यात इंदूरहून लस आणि बर्फाची पेटी आली. सुमंगलाबाई निघायच्या तयारीत पडवीत आल्या.

"विठोबा, गाडी चालते आहे ना? मग निघू."

"पुढच्या एकाच चाकाचा ब्रेक धरतोय, बाई. दाबला की गाडी एका बाजूला ओढते. बागलीच्या पुढे घाट आहे, आणि त्या बाजूला दरी."

"आणि तिकडची मुलं? ती थांबतील तुमचं कातडं वाळेपर्यंत?"

"आपण दरीत गेलो तर त्यांना कोण टोचणार?"

सुमंगलाबाईंचा चेहरा लाल झाला. त्या वळून परत गेल्या. ती लस त्यांनी देवासजवळच्या गावांत टोचून संपवली आणि नव्या लशीची मागणी केली. मधल्या दिवसांत शिवाजीरावांनी पागेच्या मोकळ्या मैदानावर विठोबाला गाडी चालवायला शिकवली. ते शेजारी बसून ओरडत नसत. चूक झाली की नुसते, "घोडा असता तर तुला पाडलं असतं," म्हणत.

माघात दुसरं सील बसलं, नवी लस आली आणि ती दोघं निघाली, विठोबा आणि सुमंगलाबाई. शिवाजीरावांना तेवढा प्रवास झेपला नसता. बागलीपुढे घाट उतरताना विठोबाने गाडी खालच्या गियरमध्ये ठेवली आणि वळणावळणावर ब्रेक तपासला. गाडी सरळ थांबे. सुमंगलाबाई बर्फाची पेटी मांडीवर धरून बसल्या होत्या. उदयनगरला पोचून पेटी उघडली तेव्हा आत बर्फाचे खडे शिल्लक होते. त्यांनी एक खडा विठोबाच्या हातावर ठेवला. तो त्याने तोंडात टाकला.

गावोगाव टोचणी झाली. परतीच्या दिवशी दुपारी मावठा, हिवाळ्यातला अवकाळी पाऊस, कोसळला. घाटाच्या पायथ्याचा नाला चिखलाने भरला आणि जीपची मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली. पुढच्या चाकांना जोर द्यायचा दांडा वेगळा होता. तो अडकून बसला. विठोबाने दोन्ही हातांनी ओढला, पायाने दाबला. तो हलेना. त्याला घाम फुटला. शिवाजीरावांनी मैदानावर कसं करून दाखवलं होतं ते तो आठवू लागला. तेव्हा गाडी हळूहळू सरकत होती. उभी नव्हती.

वरच्या पाड्यावरचे काही बारेला आदिवासी पाऊस थांबल्यावर बघायला आले होते. विठोबाने त्यांना खुणेने मागे लावलं. "थोडं पाछे लो, भिया, फेर आगे. धीरे." ते रेटू लागले, गाडी जरा सरकली आणि दांडा आपसूक आत गेला. पुढची चाकं ओढू लागली ते त्याला स्टिअरिंगमधून हाताला कळलं. जीप चिखल उडवत नाल्याबाहेर आली. लोकांचे कपडे भरले होते. सुमंगलाबाई खाली उतरून प्रत्येकाला राम राम करून आल्या.

"आज तुम्ही नसता तर..." त्या बसताना म्हणाल्या.

"बाई, त्या दिवशी पडवीत मी जास्त बोललो," विठोबा म्हणाला.

"बरोबर बोललात."

त्या वर्षी उन्हाळ्यात पलीकडच्या गावांत देवी आली, पण टोचलेल्या पाड्यांवर फार थोड्यांना झाली. दवाखान्याने विठोबाला ड्रायव्हर म्हणून ठेवून घेतलं, आधी हंगामी, मग कायम. शिवाजीराव पंचावन्न साली वारले. त्यांच्या तिरडीला विठोबाने खांदा दिला आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेला.

पुढे सुमंगलाबाईंची बदली धार जिल्ह्यात गंधवानीला झाली. तिथल्या दवाखान्यामागेही एक जीप बरीच वर्षं उभी असल्याचा त्यांनी निरोप धाडला. विठोबाने रजा काढली. हत्यारांच्या पेटीत रापी, आरी, पाने आणि म्हशीच्या कातड्याचा एक मोठा तुकडा घेतला. मालन म्हणाली, मी पण येते, मांडवगड बघायचा राहिलाय कधीचा. दोघं सकाळच्या बसने धारला गेली. बस सुटताना विठोबा ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसला होता आणि इंजिनाचा आवाज ऐकत मालनला काहीतरी समजावून सांगत होता.